माणसाच्या यकृतात हार्मोन रिसेप्टरला किती चिकटतं? मोजायचं कसं, पायरीपायरीनं

१९६६ साली इस्रायलमध्ये झ्वी लॅरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन भावंडांची हकिगत प्रसिद्ध केली. मुलांची उंची फारच कमी. वाढीचं हार्मोन कमी पडत असणार असं कुणालाही वाटावं, पण रक्त तपासलं तर ग्रोथ हार्मोन भरपूर. मग घोडं अडतंय कुठे? हार्मोन सदोष आहे, की ते जिथे जाऊन बसायचं तो यकृतातला रिसेप्टर? याचं थेट उत्तर मिळायला १९८४ उजाडलं. अशाच दोन रुग्णांच्या यकृताचे बारीक तुकडे घेऊन त्यांच्यावर किरणोत्सारी ग्रोथ हार्मोन सोडलं, तर ते चिकटलंच नाही. निरोगी यकृतावर मात्र चिकटत होतं.

‘चिकटलं नाही’ हे लिहायला दोन शब्द लागतात. ते खरं ठरवायला काय काय लागतं, त्याचा हा लेख आहे. एमएस्सी-पीएचडीची मुलं प्रयोगशाळेत आली की किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरवर आकडा दिसला रे दिसला की ‘बाइंडिंग आलं’, म्हणजे हार्मोन चिकटलं, म्हणून नाचायला लागतात. मीही नाचलोय. पण बरीच वर्षं या ट्यूबांमध्ये घालवल्यावर माझं मत असं झालंय, की या प्रयोगातली सगळ्यात मोलाची ट्यूब म्हणजे जिच्यात काहीच दिसू नये ती. तिच्यावर जितका भरवसा, तितकाच तुमच्या बाकीच्या आकड्यांवर.

आधी ठरवा: हार्मोन कोणतं आणि रिसेप्टर कुठे बसतो

इन्सुलिन, ग्लुकागॉन, ग्रोथ हार्मोन, प्रोलॅक्टिन ही प्रथिन जातीची हार्मोन्स. त्यांचा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पटलावर असतो, म्हणून तुम्हाला ते पटल, म्हणजे मेम्ब्रेन, काढावं लागतं. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, थायरॉइड ही पेशीच्या आत शिरतात. त्यांचे रिसेप्टर पेशीद्रवात किंवा केंद्रकात असतात आणि त्यांची रीतच वेगळी. कॉर्टिसॉलसारख्या स्टेरॉइडांसाठी पेशीद्रव काढायचा, रिसेप्टर टिकावा म्हणून मॉलिब्डेट घालायचं, आणि मोकळं राहिलेलं हार्मोन डेक्स्ट्रान लावलेल्या कोळशानं ओढून घ्यायचं. त्यात यकृताची एक खास अडचण आहे. कॉर्टिसॉल आणि सेक्स हार्मोन्स रक्तात वाहून नेणारी प्रथिनं यकृतच बनवतं, त्यामुळे तुमच्या नमुन्यात ती असतातच आणि रिसेप्टरच्या वाटचं हार्मोन पळवतात.

मी इथे ग्रोथ हार्मोन घेतोय. कारण सरळ आहे: माणसाचा ग्रोथ हार्मोन रिसेप्टर फक्त माणसाचं आणि माकडवर्गाचं हार्मोन ओळखतो, गाईचं किंवा डुकराचं नाही. उलट माणसाचं हार्मोन उंदराच्या यकृतावर सोडलं, तर ते ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरलाही चिकटतं आणि प्रोलॅक्टिनच्याही. उंदराची मादी असेल तर प्रोलॅक्टिनचे रिसेप्टर ढिगानं असतात, आणि आपण नेमकं कशाचं बाइंडिंग मोजलं हे कळेनासं होतं. तेव्हा ‘उंदरावर करून बघू आणि माणसाला लावू’ हा शॉर्टकट या हार्मोनपुरता तरी नको.

कागदपत्रं

कंटाळवाणा भाग आहे, पण हा नसेल तर पुढचं काही नाही. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, आणि रुग्णाची त्याला समजणाऱ्या भाषेतली लेखी संमती. संमतीपत्र इंग्रजीतून शब्दाला शब्द उतरवलेलं असेल तर ते घरी आईला वाचायला द्या. तिला कळलं नाही तर पेशंटलाही कळणार नाही. तुमच्या प्रयोगासाठी म्हणून एक ग्रॅमही जास्त कापलं जाता कामा नये. ट्यूमरसाठी यकृताचा भाग काढतात तेव्हा कडेचा जो निरोगी भाग सोबत येतो, त्यातून पॅथॉलॉजिस्टनं आपल्याला हवं ते घेतल्यावर उरेल ते तुमचं.

हार्मोनला जोडायचं किरणोत्सारी आयोडीन-१२५ वापरायचं तर एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आणि संस्थेत रेडिएशन सेफ्टी ऑफिसर हवा. आणि तुमची हेपॅटायटिस बी ची लस पूर्ण झालेली हवी. माणसाचं यकृत आहे हे. रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी प्रत्येक तुकडा संसर्ग असल्यासारखाच हाताळायचा.

तुकडा हातात येतो तेव्हा

खरा प्रयोग इथेच जिंकतो किंवा हरतो. रक्तपुरवठा तुटल्या क्षणापासून प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स कामाला लागतात. ऑपरेशन थिएटरबाहेर बर्फाची पेटी, थंड सलाइन आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं. तुकडा किती वाजता निघाला, बर्फात किती वाजता गेला, नायट्रोजनमध्ये किती वाजता गेला, या तीन वेळा वहीत हव्यात. दोन नमुन्यांत फरक आला तर पहिला संशय या वेळांवर घ्यायचा.

थंड सलाइनमध्ये तुकडा धुवा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. हे दिसायला छान दिसावं म्हणून नाही. रक्तात ग्रोथ हार्मोनला धरून ठेवणारं एक प्रथिन फिरत असतं, आणि ते म्हणजे याच रिसेप्टरचा तुटून सुटा झालेला बाहेरचा भाग. तुकड्यात रक्त राहिलं तर हे प्रथिन तुमच्या हार्मोनवर डल्ला मारतं. मग चरबी, शिरा, पित्तनलिकेचे दोरे कापून टाका, शेंगदाण्याएवढे तुकडे करा, फॉइलमध्ये गुंडाळा, लेबल लावा आणि द्रव नायट्रोजनमध्ये सोडा. नंतर उणे ८० अंशांवर. लेबल गोठण्याआधी लावायचं; नंतर त्यावर काहीच चिकटत नाही.

दोन-तीन ग्रॅम मिळाले तर निवांत काम होतं. सुईच्या बायॉप्सीत दहा-वीस मिलिग्रॅम मिळतात, आणि त्यातून जेमतेम एक-दोन ट्यूबा निघतात. अशा वेळी हार्मोन वाढवत नेऊन बाइंडिंगचा पूर्ण वक्र काढायचा हट्ट सोडा.

मेम्ब्रेन काढणं

सगळं बर्फात. ट्यूबा, रोटर, बफर, सगळं आदल्या रात्री कोल्ड रूममध्ये ठेवा.

बफर ०.२५ मोलर सुक्रोजचा, पीएच ७.४, त्यात ईडीटीए आणि प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइम्सना रोखणारं मिश्रण. यातलं पीएमएसएफ पाण्यात फार वेळ टिकत नाही, तेव्हा ते तुकडा टाकायच्या अगदी आधी घाला. सकाळी घालून संध्याकाळी वापरलेलं पीएमएसएफ घातलं काय, न घातलं काय. ते विषारी आहे, पूड हुंगू नका.

एका ग्रॅमला दहा मिलिलिटर बफर घ्या. तुकडा कात्रीनं बारीक करा आणि काचेच्या होमोजिनायझरमध्ये टेफ्लॉनच्या दांड्यानं वरखाली करा. पहिले दोन-तीन दट्टे जड जातात, मग एकदम हात हलका होतो. दहा-बारा दट्ट्यांनंतर द्रव पातळ कोकोसारखा दिसतो. फेस येऊ द्यायचा नाही. दांडा द्रवाच्या पातळीवर खेचला की फेस येतो, आणि फेसात प्रथिनं बिघडतात. माणसाचं यकृत उंदराच्या यकृतापेक्षा चिवट असतं. सिरॉसिसकडे झुकलेलं असेल तर तंतू दांड्याला गुंडाळले जातात. तेव्हा जोर लावू नका. काच फुटली तर हातात माणसाचं रक्त आणि काच दोन्ही असतात. दोन पदरी मलमलीतून गाळा, तंतू मागे राहतात.

आता सेंट्रिफ्यूज. १,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोरानं) १० मिनिटं: केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी खाली बसतात, वरचा द्रव घ्या. मग १५,००० जी ला २० मिनिटं: मायटोकॉन्ड्रिया जातात, पुन्हा वरचा द्रव घ्या. मग १,००,००० जी ला तासभर: आता तळाशी बसलेली पेलेट तुमची, वरचा द्रव बाजूला. मधल्या फेरीत थोडं पेशीपटलही वाया जातं, त्याला इलाज नाही. तो तोटा प्रत्येक नमुन्यात सारखा राहील एवढं बघायचं.

हे ‘जी’ आहेत, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. दुसऱ्या प्रयोगशाळेतला प्रोटोकॉल आणून आरपीएमचा आकडा तसाच लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. हिशेब असा: रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, तिला आरपीएमच्या वर्गानं गुणा, आणि ०.००००१११८ नं गुणा. त्रिज्या ८ सेंटिमीटर आणि वेग १०,००० असेल तर सुमारे ८,९०० जी होतात. त्याच वेगाला मोठ्या रोटरमध्ये जी वाढतात.

शेवटची पेलेट ट्रिस बफरमध्ये परत कालवा, बारीक सुईच्या सिरिंजमधून तीन-चार वेळा ओढून एकजीव करा. आणि इथे थांबा. या बफरमध्ये पुढे बोव्हाइन, म्हणजे गाईचं, अल्ब्युमिन घालायचंय, म्हणजे हार्मोन प्लास्टिकला चिकटत नाही. पण प्रथिनाचं मोजमाप अल्ब्युमिन घालण्याआधी करायचं. रंगावरून प्रथिन मोजायच्या दोन रीतींपैकी ब्रॅडफर्ड करा किंवा लोरी करा, दोन्ही रंगांना यकृताचं प्रथिन कोणतं आणि गाईचं कोणतं हे कळत नाही. एकदा आमच्याकडे एका मुलानं महिनाभराचे नमुने अल्ब्युमिन घालून मोजले. सगळ्या नमुन्यांत प्रथिन जवळपास सारखं आलं, म्हणून तो खूश होता. मी विचारलं, ‘अरे, सारखं कसं येईल? माणसं वेगळी ना?’ मग त्यानंच डोक्याला हात लावला.

छोट्या छोट्या वाटण्या करून गोठवा. एकदा विरघळलेली वाटणी परत गोठवायची नाही.

हॉट हार्मोन

हॉट म्हणजे किरणोत्सारी. १९६२ मध्ये हंटर आणि ग्रीनवुड यांनी क्लोरामाइन-टी वापरून प्रथिनाला आयोडीन जोडायची सोपी रीत दिली, आणि त्यांनी ती दाखवली ती ग्रोथ हार्मोनवरच. पण क्लोरामाइन-टी धसमुसळी आहे. जास्त वेळ ठेवली तर हार्मोनलाच इजा करते, आणि इजा झालेलं हार्मोन काउंट (काउंटरवरचा मिनिटाचा आकडा) देतं पण रिसेप्टरला चिकटत नाही. म्हणून शक्य असेल तर तयार विकत घ्या. मोकळं आयोडीन उडतं आणि थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं, त्यामुळे स्वतः लेबल करणार असाल तर फ्यूम हूड आणि नंतर गळ्याचं मोजमाप दोन्ही सक्तीचं.

एका रेणूला एक आयोडीन-१२५ जोडलेलं असेल तर मोलर हिशेबानं मिलिमोलला सुमारे २,२०० क्युरी पडतात. ग्रोथ हार्मोनचं वजन सुमारे २२,००० डाल्टन, म्हणजे मायक्रोग्रॅमला सुमारे १०० मायक्रोक्युरी. तुमच्या बाटलीवर २००-३०० लिहिलेलं असेल तर हुरळून जाऊ नका. रेणूला दोन-तीन आयोडीन बसलेत, आणि असं हार्मोन चिकटेलच याचा भरवसा नाही.

वापरायच्या दिवशी दोन गोष्टी बघा. एक, तारीख. आयोडीन-१२५ चं अर्धायुष्य सुमारे ५९.४ दिवस, म्हणजे महिन्यानं काउंट ३० टक्के उतरलेले असतात. दोन, थोडं हार्मोन अल्ब्युमिनसोबत घेऊन १० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घाला आणि फिरवा. ९५ टक्क्यांहून जास्त काउंट खाली बसले पाहिजेत. वर राहिलेले काउंट म्हणजे सुटं आयोडीन किंवा तुटलेले तुकडे. ८५ टक्के आले तर बाटली बाजूला ठेवा, कितीही महाग असली तरी.

पहिल्या ट्यूबा

प्रत्येक ट्यूबमध्ये एकूण ०.५ मिलिलिटर: मेम्ब्रेन प्रथिन ३०० मायक्रोग्रॅम, हॉट हार्मोन सुमारे ६०,००० काउंट, आणि २५ मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.१ टक्का अल्ब्युमिन असलेला बफर. प्रत्येक गोष्ट तीन-तीन ट्यूबांमध्ये.

पहिला संच ‘टोटल’: फक्त हॉट. दुसरा संच ‘नॉनस्पेसिफिक’: हॉटसोबत साधं, म्हणजे कोल्ड हार्मोन, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. हे सुमारे ४५ नॅनोमोलर होतं. रिसेप्टरची ओढ, म्हणजे निम्म्या जागा भरायला लागणारं हार्मोन (हिलाच केडी म्हणतात; आकडा जितका लहान तितकी ओढ जास्त), अर्ध्या नॅनोमोलरच्या आसपास असते, म्हणजे शंभरपट कोल्ड झालं. ते सगळ्या खऱ्या जागा अडवून बसतं. तरीही जे हॉट चिकटतं ते प्लास्टिकला, चरबीला, कशालाही. टोटलमधून हे वजा केलं की स्पेसिफिक. हीच ती ट्यूब, सुरुवातीला म्हटलं ती.

तिसरा संच मेम्ब्रेनच न घातलेला. हा पुष्कळजण गाळतात. १९७५ मध्ये कुआत्रेकासास आणि हॉलेनबर्ग यांनी एक मजेदार, खरं तर घाम फोडणारी गोष्ट दाखवली: किरणोत्सारी इन्सुलिन टाल्कला, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या पावडरीतल्या खनिजाला, चिकटतं, आणि कोल्ड इन्सुलिन घातलं की सुटतंही. कागदावर हे हुबेहूब रिसेप्टरसारखं दिसतं. म्हणजे कोल्डनं हललं एवढ्यावर रिसेप्टर सिद्ध होत नाही. रिकामी ट्यूबही कोल्डनं हलत असेल तर तुम्ही ट्यूबचा रिसेप्टर शोधलाय.

म्हणून चौथा संच: कोल्ड म्हणून गाईचं ग्रोथ हार्मोन, आणि वेगळं माणसाचं प्रोलॅक्टिन. माणसाच्या यकृतात गाईच्या हार्मोननं काउंट जागचे हलता कामा नयेत. हलले तर तुम्ही मोजताय ते ग्रोथ हार्मोन रिसेप्टर नाही. प्रोलॅक्टिननं मोठा वाटा हलला तर तो प्रोलॅक्टिनच्या रिसेप्टरचा.

किती वेळ ठेवायचं? खोलीच्या तापमानाला, २२ ते २५ अंशांना, रात्रभर. पण कुणी सांगितलं म्हणून रात्रभर नको. एकदा १, २, ४, ८, १६, २४ तास असं बघा आणि काउंट स्थिर कुठे होतात ते ठरवा. हे सर्वात कमी हार्मोनच्या ट्यूबेत बघायचं, कारण कमी हार्मोन असलं की समतोल उशिरा येतो. जास्त हार्मोनच्या ट्यूबेवरून वेळ ठरवली तर वक्राचा खालचा भाग अर्धवट राहतो आणि ओढ आहे त्यापेक्षा कमी दिसते.

३७ अंश टाळा. शरीराचं तापमान म्हणून ते योग्य वाटतं, पण यकृताचं मेम्ब्रेन हार्मोन खातं. इन्सुलिन आणि ग्लुकागॉनला तर फार. तिथे बॅसिट्रासिन घालतात. प्रयोग संपल्यावर वरचा द्रव घेऊन तीच आम्लाची चाचणी परत करा. सुरुवातीला ९७ टक्के आणि शेवटी ७० आले, तर तुमचं हॉट हार्मोन वाटेत संपलंय आणि वक्राला अर्थ नाही.

ग्लुकागॉन घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, आणि तिच्यामागे मोठी गोष्ट आहे. १९७१ च्या सुमारास मार्टिन रॉडबेल उंदराच्या यकृताच्या मेम्ब्रेनवर किरणोत्सारी ग्लुकागॉन चिकटवून बघत होते. एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घातलं की ग्लुकागॉन भराभर सुटायचं, पण एटीपी भरपूर लागायचं. खोलात गेल्यावर कळलं की हे काम एटीपीचं नाहीच, त्यात किंचित मिसळलेल्या जीटीपी या त्याच्या भाऊबंद रेणूचं आहे. तिथून रिसेप्टरचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या ‘जी प्रोटीन’ची वाट सापडली आणि १९९४ चं नोबेल रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना मिळालं. तुमच्यासाठी अर्थ एवढाच: मेम्ब्रेन नीट धुतलं नाही, जीटीपी मागे राहिलं, तर त्याच रिसेप्टरची ओढ कमी मोजली जाईल.

वेगळं करणं

आता चिकटलेलं आणि मोकळं वेगळं करायचं. तीन मिलिलिटर बर्फगार बफर घाला, ४ अंशांना ३,००० जी ला ३० मिनिटं फिरवा, द्रव ओता, ट्यूब टिश्यूवर उलटी ठेवा, ओठावरचा थेंब पुसा आणि गॅमा काउंटरमध्ये टाका. ट्यूब पुसायची राहिली तर तीन ट्यूबांपैकी एक वेडीवाकडी येते, आणि आपण दोष पिपेटला देतो.

फिल्टरनंही करता येतं. तिथे काचतंतूचा फिल्टर आधी ०.३ टक्के पॉलिएथिलिनइमाइनमध्ये भिजवून ठेवा, नाहीतर प्रथिन हार्मोन फिल्टरलाच चिकटतं. किती वेळ मिळतो याचा अंदाज असा: ओढ १ नॅनोमोलर असेल आणि चिकटण्याचा वेग सेकंदाला मोलरमागे १० लाख धरला, तर पावणेदोन मिनिटांत १० टक्के हार्मोन सुटून जातं. ओढ १० नॅनोमोलर असेल तर हाच वेळ दहा सेकंद. म्हणून सैल बसणाऱ्या हार्मोनला अर्धा तास फिरवणं म्हणजे पाण्यात पैसे. ग्रोथ हार्मोन थंडीत हळू सुटतं म्हणून इथे सेंट्रिफ्यूज चालतं.

हिशेब

आकडे समजावण्यापुरते घेतलेत. घातले ६०,०००. टोटल ९,२००. नॉनस्पेसिफिक १,९००. स्पेसिफिक ७,३००, म्हणजे १२ टक्के. छान दिसतं, पण थांबा. टोटल बघितलं तर घातलेल्या हार्मोनपैकी १५ टक्के ट्यूबमधून चिकटून निघून गेलंय. पुढची सगळी सूत्रं असं धरून चालतात की मोकळं हार्मोन जवळजवळ तेवढंच राहिलं. १० टक्क्यांच्या वर गेलात की ते खोटं ठरायला लागतं. उपाय सोपा: मेम्ब्रेन निम्मं करा. जास्त काउंट पाहिजेत म्हणून मेम्ब्रेन वाढवत जाणं हा मोह सगळ्यांना होतो.

मग ३०० ऐवजी १५० मायक्रोग्रॅम घेतलं आणि स्पेसिफिक ३,७०० आलं असं धरू. काउंटरची कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर एका फेम्टोमोलला सुमारे ३,६६० काउंट पडतात. म्हणजे एक फेम्टोमोल चिकटलं. घातलेलं हॉट हार्मोन ०.५ मिलिलिटरमध्ये ३३ पिकोमोलर.

आता वक्र. हॉट तेवढंच ठेवायचं आणि कोल्ड वाढवत न्यायचं: मिलिलिटरला ०, ०.५, १, २, ५, १०, २०, ५०, १००, १,००० नॅनोग्रॅम. स्पेसिफिक बाइंडिंग निम्मं कुठे होतं ते बघा. समजा १० नॅनोग्रॅमला. ते ४५२ पिकोमोलर होतं. हॉट आणि कोल्ड हार्मोन एकच असेल तर केडी काढायला यातून हॉटचं प्रमाण वजा करायचं: ४५२ वजा ३३, म्हणजे सुमारे ०.४२ नॅनोमोलर. चेंग आणि प्रुसॉफ यांचं १९७३ चं सूत्र लावायचं ते वेगळं कोल्ड औषध घातलं असेल तेव्हा. एकूण जागा, म्हणजे बीमॅक्स: एक फेम्टोमोल गुणिले ४५२, भागिले ३३. सुमारे १४ फेम्टोमोल प्रति ट्यूब, मिलिग्रॅम प्रथिनाला ९० च्या आसपास.

वक्राचा आकारही बघा. एकाच जातीच्या जागा असतील तर बाइंडिंग ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर यायला हार्मोन ८१ पट वाढावं लागतं. हजारपट लागलं तर जागा दोन प्रकारच्या आहेत, किंवा समतोल आलेला नाही, किंवा जागा एकमेकींवर परिणाम करतायत. इन्सुलिनच्या बाबतीत हा शेवटचा प्रकार १९७३ मध्येच डी मेट्स आणि सहकाऱ्यांनी दाखवला. स्कॅचर्डची रेघ (याच आकड्यांची सरळ रेघेत मांडणी) जरूर काढा, डोळ्याला सवय म्हणून. पण केडी तिच्यावरून काढू नका. १९४९ मध्ये ती आली तेव्हा हाताशी संगणक नव्हता म्हणून सरळ रेघ हवी होती. त्या रेघेत चूक दोन्ही अक्षांवर पसरते. वक्र थेट संगणकावर बसवा.

ग्रोथ हार्मोनची आणखी एक खोड आहे. १९९२ मध्ये हार्मोन आणि रिसेप्टर यांच्या जोडीची रचना उघड झाली तेव्हा दिसलं की हार्मोनचा एक रेणू दोन रिसेप्टरना धरतो. त्यामुळे ‘एक हार्मोन, एक जागा’ धरून काढलेला बीमॅक्स ही जागांची नेमकी मोजदाद नाही, तुलनेचा आकडा आहे. दोन यकृतांची तुलना करायला तो उत्तम; ‘पेशीवर इतके रिसेप्टर’ म्हणून छापायला नाही.

शून्य आलं तर

लॅरॉनच्या रुग्णांसारखं शून्य आलं, तर लगेच ‘रिसेप्टर नाही’ लिहू नका. या रुग्णांच्या रक्तात हार्मोन भरपूर असतं हे विसरू नका. रिसेप्टर असतील, पण शरीरातलंच हार्मोन त्यांवर आधीच बसलेलं असेल, तरीही तुमच्या हॉट हार्मोनला जागा मिळणार नाही आणि काउंट शून्यच येईल.

यासाठी मेम्ब्रेन काही मिनिटं ४ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये ठेवतात, मग भरपूर पातळ करून धुतात. बसलेलं हार्मोन सुटतं, रिसेप्टर शाबूत राहतो. मीठ धुऊन गेलंच पाहिजे, नाहीतर नवीन हार्मोनही बसणार नाही. धुण्याआधी आणि नंतर, दोन्ही मोजा. निरोगी यकृताचा नमुना शेजारी त्याच दिवशी त्याच मिठातून काढा. त्याचं बाइंडिंग टिकलं आणि रुग्णाचं धुऊनही शून्यच राहिलं, तर मग बोला.

आणखी एक पडताळा: त्याच शून्य मेम्ब्रेनवर इन्सुलिनचं बाइंडिंग करा. इन्सुलिन नीट चिकटलं तर तुकडा वाटेत मेलेला नाही, बिघाड एकाच रिसेप्टरचा आहे. इन्सुलिनही चिकटलं नाही तर ऑपरेशन थिएटरबाहेरच्या त्या तीन वेळा वहीत परत बघा.

१९८७ मध्ये माणसाच्या ग्रोथ हार्मोन रिसेप्टरचं जनुक हाती आलं. रक्तातलं ते सुटं प्रथिनही त्याच सुमारास कळलं, आणि ते रिसेप्टरचाच भाग निघाल्यानं निदानासाठी यकृताला सुई लावायची गरज राहिली नाही. आज कुणा मुलाचं निदान करायला हा प्रयोग करू नका. रक्त आणि जनुक तपासा. नवीन हार्मोन किंवा बदललेलं औषध माणसाच्या खऱ्या यकृतात कसं बसतं हे बघायचं असेल तेव्हा हा करा.

आवरताना

टोकं, ट्यूबा, टिश्यू, सगळं किरणोत्सारी कचऱ्यात, झाकणाच्या डब्यात. डब्यावर समस्थानिक, अंदाजे मायक्रोक्युरी आणि आजची तारीख लिहा. दहा अर्धायुष्यं म्हणजे ५९४ दिवस, साधारण वीस महिने. तोवर हजारातला एक भाग उरतो. मग सेफ्टी ऑफिसर मोजून सही करतो आणि कचरा नेहमीच्या वाटेनं जातो. हॉट न लागलेले यकृताचे उरलेले तुकडे मात्र या डब्यात नाहीत, ते पिवळ्या पिशवीत. आणि सिंकवर, होमोजिनायझरच्या हँडलवर, सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर जाण्याआधी एकदा मॉनिटर फिरवा. आवाज आलाच तर बहुतेक वेळा तो झाकणाच्या आतल्या रबरातून येतो.